बारावी रायफल

शनिवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली तेव्हा मी मीनलच्या सायकलचं चाक मांडीवर घेऊन पंक्चर शोधत बसलो होतो, आणि दारात पोलीस पाहून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आपले हात काळे आहेत. सार्जंट लॉकवुड असं नाव सांगितलं त्यांनी. पन्नाशीचे, रेनकोट भिजलेला, पायपुसण्यावर बूट चारचारदा घासून आत येणारे गृहस्थ. फार काही नाही, एका कागदाबद्दल विचारायचंय, म्हणाले. प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पिवळं कार्ड होतं. मी तीन वर्षांपूर्वी ज्याच्याकडे कामाला होतो त्या केन होलरॉइडच्या वर्कशॉपचं तपासणीचं कार्ड. वर रायफलचा नंबर, खाली तारीख २८ सप्टेंबर १९९०, आणि तिच्याखाली पी. के. खांबेटे, म्हणजे मी. "सही तुमचीच ना?" मी म्हटलं, हो. "म्हणजे ही रायफल तुम्ही स्वतः तपासली होती," ते म्हणाले. हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, वहीत लिहिता लिहिता बोलले, आणि मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "अर्थातच." ते मान हलवून म्हणाले, टाइप करून ठेवतो, शुक्रवारी स्टेशनवर येऊन सही करा, पाच मिनिटांचं काम आहे. जाताना त्यांनी सायकलच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे दिसतील, असा सल्लाही दिला.

अर्थातच हा शब्द मी एरवी वापरत नाही. तो माझ्या बायकोचा, सुलक्षणाचा. ती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे, तिला तो शोभतो. माझ्यासारख्या माणसाचं साध्या 'हो'वर भागतं. दार लावून मी परत येऊन बसलो, चाक मांडीवर घेतलं, आणि तो शब्द तोंडात कडू लागायला लागला. मीनल जिन्यावरून डोकावली. पंधरा वर्षांची आहे, इथेच, इंग्लंडात, जन्मलेली. "बाबा, तो कॉप कशाला आला होता? आर यू इन ट्रबल?" मी म्हटलं, नाही गं, जुन्या कामाचं काहीतरी. "मग माझी व्हील झाली का?" नाही झाली, म्हटलं. पंक्चर मला सापडतच नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेतलेला माणूस मी.

काम काय होतं ते सांगतो, कारण लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात ते कुणालाच धड माहीत नव्हतं. तिथे चार माणसं उभी असली तर तीन डॉक्टर असतात आणि चौथा मी. मी 'डॉक्टर खांबेट्यांचे मिस्टर', काहीतरी इंजिनियरिंगमध्ये आहेत. मीही तेवढ्यावरच थांबायचो. मी बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये तपासनीस आहे, हे संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सांगायचं कसं? ऐंशीच्या दशकात केन परदेशातून आपोआप भरणाऱ्या रायफली आणून नेमबाजीच्या क्लबातल्या लोकांना विकायचा. एक गोळी उडाली की तिच्याच गॅसने दांडा मागे ढकलला जाऊन पुढची गोळी भरली जाते, अशा. मग सत्त्याऐंशी साली दक्षिणेतल्या एका गावात एका माणसाने भर दुपारी दिसेल त्याला गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर आलेल्या कायद्याने त्या रायफली बंद झाल्या. केनच्या तोंडचं पाणी पळालं. पण कायद्यात एक वाट होती. आपोआप भरणारी यंत्रणा कधीच नसलेली रायफल, जिचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागतो, ती चालत होती. तेव्हा बॉडी, म्हणजे ज्यात बाकी सगळं बसतं तो मधला लोखंडी सांगाडा, तो इथेच, यॉर्कशरमध्ये, नवा करून घ्यायचा. त्यात गॅसच्या दांड्यासाठी भोक पाडायचंच नाही. आणि दस्ता, ट्रिगर, नळी वगैरे बाकीचे भाग परदेशी रायफलींचे बसवायचे. जुनीच बॉडी घेऊन तिचं भोक बुजवलं तर चालणार नाही का? नाही. कायद्याचं ते सातवं कलम केनने टाइप करून माझ्या बेंचवर चिकटवलं होतं: जे हत्यार कधीही, या कायद्याच्या आधी किंवा नंतर, बंदीच्या यादीत बसत होतं, त्याचा प्रकार बदलण्यासाठी पुढे काहीही केलं तरी ते बंदीचंच समजावं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसला प्रकार. मला ते कलम तेव्हा आवडायचं. इथे येऊन वीस वर्षं झाली, पासपोर्ट इथला, दात इथल्या डेंटिस्टचे, गुडघ्यातला स्क्रू इथल्या सर्जनचा, तरी लोक विचारतात, पण मूळचे कुठले? मी म्हणायचो, कलम सात बघा.

माझं काम बॉडी तपासण्याचं. ती नव्या लॉटमधलीच आहे ना, पुढच्या तोंडाशी भोक बुजवल्याची खूण नाही ना, मापं बरोबर आहेत ना. भिंग, व्हर्नियर, गेज. मग पिवळं कार्ड, मग सही. सरकारला ते कार्ड नको होतं. केनलाच हवं होतं, गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणून. पोस्टमास्तर, शेतकरी, निवृत्त मास्तर अशी माणसं यायची, कार्ड नीट घडी करून खिशात ठेवायची.

त्यातलेच एक आर्थर सगडन. सार्जंटनी मला रेनकोट घालता घालता सांगितलं ते एवढंच. सगडन पुडसीकडच्या एका शाळेचे केअरटेकर. तीन वर्षांनी परवाना नव्याने करताना पोलिसांनी रायफल पाहिली, संशय आला, लॅबला पाठवली. बॉडी जुनी निघाली. भोक वेल्डने भरून, घासून, वर रंग दिलेला, नंबर नवा ठोकलेला. म्हणजे बंदीचं हत्यार बाळगल्याचा गुन्हा. केन मागच्या हिवाळ्यात वारला, वर्कशॉप विकलं गेलं, तिथे आता गालिचे मिळतात. राहता राहिले सगडन. "त्यांना माहीत नव्हतं हे दिसतंच आहे," लॉकवुड म्हणाले, "पण या गुन्ह्यात माहीत असणं-नसणं विचारत नाहीत. वस्तू काय आहे तेवढंच बघतात." आणि मग, दारातून, सहज, "शाळेचं घर आहे त्यांचं. शिक्षा झाली तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर घर."

सगडन मला आठवतात. ऑक्टोबरात रायफल न्यायला आले तेव्हा बरोबर बायको होती, डोरीन, हातात मार्केटमधून घेतलेल्या कोबीची पिशवी. वर्षभर पैसे साठवून घेतलेली वस्तू पाहायला दोघं आली होती, कुणी पियानो घ्यायला जावं तशी. केन म्हणाला, हे आमचे पॅडी, हे प्रत्येक रायफल भिंगाखाली घालतात. पद्माकरचं पॅडी केनने पहिल्याच दिवशी केलं होतं, हे आयरिश माणसाचं टोपणनाव, त्याने आयरिश गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. सगडननी माझा हात हातात घेतला. "तुम्ही बघितलीत ना? मग झालं," ते म्हणाले. मी हसलो. हसणं हेसुद्धा हो म्हणणंच असतं, हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं होतं.

तो आठवडा मी कामावर गेलो, घरी आलो, जेवलो, बातम्या पाहिल्या. आता मी कृत्रिम खुब्यांच्या कारखान्यात आहे. ट्रेमध्ये चकचकीत गोळे येतात, मी ते भिंगाखाली फिरवतो. मंगळवारी मी एक गोळा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा मला त्यात काही दिसलं नाही, तरी सही करवेना. सुपरवायझर म्हणाली, यू ओके, लव्ह? मी म्हटलं, डोळे दुखतायत. डोळ्यांना काही झालं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा नव्वद सालच्या त्या सहीच्या शुक्रवारी जात होतो, आणि दर वेळी तो थोडा वेगळा दिसत होता.

पहिल्यांदा दिसला तो असा. त्या दिवशी खंडेनवमी होती. माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चार्जमन होते, मीही तिथेच अप्रेंटिस होऊन शिकलो. खंडेनवमीला तिथे मशीनं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून उभी केलेली असायची. पट्टे गप्प, भट्ट्या गप्प, हजार माणसांच्या कारखान्यात चिमण्या ऐकू यायच्या. वडील म्हणायचे, वर्षाचा एक दिवस हत्याराला विसावा, आज हात लावायचा नाही. मी फारसा देवभोळा नाही. गणपतीला मोदक खातो तेवढाच. पण ही एक गोष्ट मी लीड्सलाही सोडली नाही. आदल्या दिवशी माझं भिंग, व्हर्नियर, गेज घरी आणायचो, साफ करायचो, पाटावर मांडायचो. झेंडू नसायचा, मग मार्केटमधली पिवळी शेवंती. आणि त्या दिवशी रजा. नव्वद साली केनने फोन केला, शनिवारी माल द्यायचाय, ये. मी गेलो, रिकाम्या हातांनी. बेंचवर बारा रायफली ओळीने मांडलेल्या. केन म्हणाला, सगळ्या त्याच लॉटच्या आहेत पॅडी, तू काल बघितल्यास, फक्त कार्डं कर. स्वतःचं भिंग पुढे केलं त्याने. मी म्हटलं, आज मी हत्याराला हात लावत नाही, आमचा सण आहे. आणि त्याचं बॉलपेन घेऊन बारा कार्डांवर सह्या केल्या. माझी आई खंडेनवमीला वडिलांचं पेनसुद्धा पाटावर ठेवायची, व्हर्नियरशेजारी. पेन हेही हत्यारच. ते मात्र मी उचललं.

हे असं दिसलं की बरं वाटायचं. श्रद्धेपायी चूक झाली म्हटलं की चूकही सोवळ्यातली वाटते. बुधवारी, बसमध्ये, राउंडहे रोडच्या चढावर, खिडकीबाहेर ओली पानं आणि दिवाळीच्या आधीच फटाके उडवणारी गोरी पोरं बघत असताना मला त्या दिवसाची दुसरी बाजू दिसली. मला राग आला होता. रजा मोडून बोलावलं याचा. पंधरा वर्षं या माणसाकडे काम करतो, एक दिवस मागतो, तोही याला देववत नाही. घे तुझ्या सह्या. बघायचं नाही, तर नाहीच बघणार. केन भिंग पुढे करत होता आणि मी देव पुढे करत होतो, आणि आत नुसता रुसवा होता, लहान मुलाने ताट सरकवावं तसला. वडिलांचा खरा नियम तर वेगळाच होता. तपासणीच्या खोलीत नव्या पोराला ते पहिल्या दिवशी सांगायचे, माल हातात आल्याशिवाय पास करायचा नाही, मग तो सख्ख्या भावाने का केलेला असेना. सणाचा नियम मी पाळला, कारण तो सोपा होता.

आणि गुरुवारी पहाटे दाढी करताना तिसरी बाजू. ही मी सुलक्षणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीटशी सांगितली नव्हती. आदल्या दिवशी मी बारा बॉडी तपासल्या होत्या, आणि त्यातली एक मीच बाद केली होती. कडेला तडा होता. लाल खडूने फुली मारून वेगळी ठेवली होती. उरल्या अकरा. शुक्रवारी बेंचवर बारा रायफली होत्या. मी त्या मोजल्या नव्हत्या असं कसं म्हणू? बारा कार्डं मी भरली. अकरावं झाल्यावर माझा हात थांबला होता, इतपत आठवतं. मागे, खोलीच्या कोपऱ्यात, परदेशातून रायफलींबरोबर आलेल्या जुन्या बॉडींची पेटी होती, तुकडे करून भंगारात द्यायची. केनने तिच्यातली एक रातोरात घासूनपुसून घेतली, की वर्कशॉपमधल्या पोरांनी चुकून उचलली, मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. आरशात माझ्या गालावर साबण वाळत चालला होता आणि सुलक्षणा बाहेरून म्हणत होती, "पद्माकर, मला थिएटरला आठ वाजता पोचायचंय, झालं का?"

तिला मी रविवारीच निम्मं सांगितलं होतं. ती पोळ्या करत होती, मी भाजत होतो. ऑपरेशनच्या आधी ती भुलीचं मशीन स्वतः तपासते, नर्सने तपासलेलं असलं तरी पुन्हा. म्हणून मला वाटलं होतं की ती चिडेल. मला ते हवंही होतं. ती लाटणं थांबवून म्हणाली, "तू सांगितलंस तर त्या माणसाचा गुन्हा नाहीसा होणार आहे का?"

"नाही. तसं नाही होत त्यात."

"मग? लेट्स बी प्रॅक्टिकल. तुझ्या आत्ताच्या जॉबमध्ये तू लोकांच्या शरीरात जाणाऱ्या वस्तू पास करतोस. न बघता सही करणारा इन्स्पेक्टर म्हणून तुझं नाव पेपरात आलं तर उद्या ते तुला ठेवतील? त्याचं काही वाचत नाही आणि आपलं मात्र जातं."

"त्याची शिक्षा कमी होईल कदाचित. जजला कळेल की त्याला फसवलं गेलं."

"ते वकील सांगेलच ना. कार्ड आहे त्याच्याकडे." तिने पोळी माझ्या तव्यावर टाकली. मग बऱ्याच वेळाने, पाठमोरीच, म्हणाली, "मी असते तर सांगितलं असतं. पण मला ते परवडतं, पद्माकर. मी डॉक्टर आहे, मला वकील देणारी डिफेन्स युनियन आहे. तुझ्यामागे कोण आहे?" हे तिने इतक्या मायेने म्हटलं की मला पोळी करपल्याचं कळलं नाही. सुटकाही वाटली. दोन दिवस त्या सुटकेवर मी चांगला झोपलो, आणि झोप लागली याचीच नंतर लाज वाटायला लागली.

शुक्रवारी अर्धी रजा काढून मी स्टेशनवर गेलो. काय करणार ते ठरवून गेलो होतो असं म्हणायला मला आवडेल. पण बसमधून उतरेपर्यंत दोन्ही वाक्यं माझ्याकडे तयार होती, सही करायचंही आणि न करायचंही. लॉकवुडनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "तुम्हाला उगीच खेप पडली. सगडननी काल गुन्हा कबूल केला. तुमच्या जबानीची आता गरज नाही. शिक्षा तीन आठवड्यांनी सुनावतील."

बस्स, एवढंच. मी चहाचा घोट घेतला. कुणी मला काही विचारत नव्हतं. उठून घरी जायचं, मीनलला पिझ्झा न्यायचा. आणि अशा वेळी, जेव्हा कुणालाच ते नको होतं, तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं. "मी ती रायफल पाहिली नव्हती."

"काय म्हणालात?"

"हातातही घेतली नव्हती. नुसती सही केली. आदल्या दिवशी अकराच चांगल्या होत्या. बारावी कुठून आली ते मी विचारलं नाही."

त्यांनी पेन उचललं नाही. माझ्याकडे बघत राहिले, आजारी माणसाकडे बघावं तसे. मग म्हणाले, "मिस्टर खांबेटे, हे तुम्ही मला का सांगताय? होलरॉइड गेले, त्यांच्यावर खटला होत नाही. ते कार्ड म्हणजे दुकानाचा कागद, कायद्याचा नाही. तुम्ही रायफल विकली नाहीत, ठेवली नाहीत. तुमच्यावर लावण्यासारखं मला काही दिसत नाही."

"लिहून तरी घ्या."

"कुठे लिहू?" ते म्हणाले. खरोखर विचारत होते ते, उपहास नव्हता. समोरच्या फॉर्मवर त्यांनी नजर फिरवली, आणि मीही फिरवली. "फार तर सगडनच्या वकिलाकडे जा. शिक्षेच्या वेळी साक्षीदार म्हणून उभं केलं तर जज थोडं सौम्य घेतील. पण आधी सगडनना विचारा." आणि पत्ता लिहून दिला. म्हणजे अजून जागा होती तर. मी इतका हलका होऊन बाहेर पडलो की पुडसीची बस मिळेपर्यंत मी मनात साक्ष पाठ करत होतो. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणत होतो. सुलक्षणाला काय सांगायचं तेही जुळवलं. कोर्टात मी उभा आहे आणि जज मान डोलावतायत, असंही पाहिलं. पापी माणूस भलताच लवकर स्वतःच्या प्रेमात पडतो.

शाळा सुटून गेली होती. आवाराच्या कोपऱ्यात विटांचं लहानसं घर, दार उघडं, दारात खोकी. शिक्षा अजून व्हायची होती, पण शाळेने महिन्याची नोटीस आधीच दिली होती. सगडन बाहीने कपाळ पुसत बाहेर आले. बारीक झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "भिंगवाले," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी तो घेतला, आणि घेऊन झाल्यावर वाटलं, आधी सांगायला हवं होतं. तेव्हा दारातच, खोक्यांच्या मध्ये उभा राहून सांगितलं. सण सांगितला नाही, राग सांगितला नाही. ती तपासली नव्हती, एवढंच. भिंग आणलं नव्हतं. कोर्टात येऊन मी तसं सांगेन, तुमच्या वकिलांना कळवा.

आतून डोरीनने कोण आलंय म्हणून विचारलं, त्यांनी कुणी नाही म्हटलं, आणि दार मागे ओढून घेतलं.

"भिंग लागलंच नसतं," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात मी ती साफ करायला उघडली. तेव्हाच दिसलं मला. पुढच्या तोंडाशी गोल डाग, एवढा. खिडकीपाशी धरली की साध्या डोळ्यांनी दिसायचा. आणि माझे डोळे काही फार चांगले नाहीत."

मी म्हटलं, "मग?"

"मग मी कार्ड काढून वाचलं. सही होती. तुम्ही माझ्याशी हात मिळवला होतात. मी डोरीनला म्हटलं, त्या माणसाचा हा धंदा आहे, भिंग लावून बघितलंय त्याने. डाग असता तर त्याला दिसला नसता का? मलाच काही कळत नसेल. त्यानंतर मी तिकडे कधी बघितलंच नाही. साफ करताना तेवढी जागा सोडून द्यायचो." त्यांनी खोक्याची चिकटपट्टी नखाने दाबली. "तेव्हा कोर्टात येऊ नका, मेहेरबानी करा. तुम्ही न बघितल्याचं सांगितलंत की ते मलाही उभं करून विचारतील, तुला कधी शंका आली नाही का? मला शपथेवर खोटं बोलता यायचं नाही. आत्ता सगळ्यांना वाटतंय, याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. जज त्यावरच काय ते सौम्य घेणार. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

माफी मागायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की तीही त्यांनाच उचलावी लागेल, नाही हो, असू द्या, म्हणत. त्यांच्याकडे उचलायला आधीच पुष्कळ होतं. मी तोंड मिटलं. तीन वर्षं ते स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत आले होते, आणि आता माझं खरं त्यांच्यासाठी मी गिळून ठेवायचं होतं, जन्मभर. मला वाटतं तेच मला झालेली शिक्षा, आणि ती मला कुणी सुनावलीही नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. नाही येत."

"थँक यू," ते म्हणाले, मनापासून. आणि मी जायला वळलो तर म्हणाले, "घाईत नसाल तर एक करता का? वरचं कपाट खाली आणायचंय. डोरीनची पाठ धरलीये."

जिना अरुंद होता. त्यांनी खालचं टोक घेतलं आणि उलटं, पाठीने उतरायला लागले, मी वरून धरून. कपाट आमच्यामध्ये. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. दर पायरीला पाय अधांतरी ठेवून ते विचारायचे, "मागे मोकळं आहे ना?" आणि मी कपाटाच्या कडेवरून वाकून, त्यांच्या टाचेपर्यंत नजर नेऊन, पायरीवर काही नाही ना ते पाहून, मगच हो म्हणायचो. मधल्या वळणावर मला जरा जास्त वेळ लागला.

"लवकर सांगा हो," ते खालून म्हणाले, "जड आहे."